वाचून दाखवले, बरोबर आहे

अठ्ठ्याऐंशी सालच्या एका मंगळवारी खारकर वकिलांनी एका कागदावर सही केली नाही. बिल्डरच्या माणसाने कागद परत नेला. बुधवारी ठाण्याच्या दुसऱ्या एका वकिलांनी त्यावर सही केली. गुरुवारपासून खारकर वकिलांच्या ऑफिसात बिल्डर यायचे थांबले.

ते ऑफिस डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर होतं. त्याच्या बरोबर वर मी राहते. तेव्हा मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते. वकील मागच्या खोलीत एकटे राहत आणि पुढच्या खोलीत वकिली करत. मधे एक पडदा होता. अशील आला की ते पडद्यातून बाहेर यायचे, ते मे महिन्यातसुद्धा काळ्या कोटात.

खारकर वकील सातबारा उजवीकडून वाचायचे. बाकीचं जग मधल्या रकान्यात मालकाचं नाव बघतं आणि उतारा घडी करून खिशात घालतं. उजवीकडे ‘इतर हक्क’ नावाचा एक रकाना असतो, तिकडे कुणी फिरकत नाही. बाप वारला की मुलाचं नाव मधे चढतं आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नावं त्या उजव्या रकान्यात बारीक अक्षरात जाऊन बसतात, लग्नघरात कोपरा धरून बसलेल्या पाहुण्यांसारखी. वकील चष्मा कपाळावर चढवून, कागद नाकाला लावून आधी ती नावं शोधायचे. सापडली की समाधानाने म्हणायचे, “आहेत. तीन आहेत. बहिणींना विचारलं का?”

हे त्यांचं पालुपद. त्या काळात ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंत भाताच्या खाचरांतून इमारती उगवत होत्या. जमीन विकत घ्यायची तर मागच्या तीस वर्षांचे कागद तपासून ‘टायटल क्लिअर आहे’ असं वकिलाने लिहून द्यावं लागे. ते लिहून देणं हाच खारकरांचा धंदा. आधी ठाण्याच्या कोर्टात एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली त्यांनी दहा वर्षं भाडेकरूंचे दावे चालवले, मग स्वतःचं ऑफिस थाटलं, आणि ऐंशीनंतर डोंबिवलीत असा एक काळ आला की सकाळी दुधाआधी बिल्डर दारात असे.

“साहेब, भावाची सही आहे. तलाठ्याचा उतारा आहे. आता काय राहिलं?”

“बहिणी राहिल्या.”

“त्या तर सासरी आहेत.”

“सासरी आहेत. वारल्या नाहीत.”

कल्याणच्या बाररूममध्ये त्यांना ‘नणंद’ म्हणत. “चला रे, नणंद आली, आता उणंदुणं निघणार,” असं कुणीतरी मोठ्याने म्हणे आणि हे शांतपणे कोट झटकून खुर्चीवर बसत. एक दंतकथाही होती. खारकरांनी म्हणे तरुणपणी सख्ख्या बहिणीचा हिस्सा लाटला, तिने शाप दिला, त्याचं हे प्रायश्चित्त. मी एकदा धीर करून विचारलं. ते म्हणाले, “मला बहीण नाही, बाई. आम्ही तिघे भाऊ. असती तर मीही न विचारताच सही घेतली असती. सगळे घेतात.”

एवढं बोलून ते पुन्हा कागदात शिरले. मला त्या उत्तराचा राग आला होता. आता येत नाही.

बोलणं सगळं दस्तऐवजाच्या भाषेत. कुठलीही वस्तू कुठे आहे हे ते चतुःसीमेवरून सांगत. चष्मा हरवला तर, “पूर्वेस वर्तमानपत्र, पश्चिमेस कप, उत्तरेस भिंत, दक्षिणेस मी, या दरम्यान कुठेतरी असावा.” एकदा रिक्षावाल्याला घराचा पत्ता सांगताना, “पूर्वेस रेशनचं दुकान, पश्चिमेस सार्वजनिक गटार,” इथपर्यंत आले, तेव्हा रिक्षावाल्याने मीटर वर केलं आणि म्हणाला, “काका, तुम्ही चालतच जा ना.” ते खरंच चालत आले. रिक्षावाल्याने आपल्याला नीट विचारून नकार दिला, याचं त्यांना कौतुकच वाटलं.

सोसायटीच्या सभेत गच्चीला कुलूप लावायचा ठराव आला. सगळ्यांनी हात वर केले. कोपऱ्यातून आवाज आला, “वाळवणं घालणाऱ्यांना विचारलं का?” सेक्रेटरी म्हणाले, “वकीलसाहेब, हे सभासद आहेत ना समोर?” खारकर म्हणाले, “सभासद खुर्चीवर आहेत. कुरडया त्यांच्या बायका घालतात.” पुढचे दोन रविवार ते वही घेऊन दारोदार फिरले, अकरा बायकांचे जबाब लिहून आणले आणि पुढच्या सभेत ते अकराच्या अकरा मोठ्याने वाचून दाखवले. प्रत्येकाच्या शेवटी एकच ओळ होती: ‘वरील जबाब वाचून दाखवला, बरोबर आहे.’ सभा पावणेतीन तास चालली. कुलूप लागलं नाही. पण त्यानंतर वर्षभर सभेची नोटीस वकिलांच्या दाराखालून सरकवायला शिपाई नेमका विसरत असे.

मी या सगळ्यात आले ती मोडीमुळे. माझ्या वडिलांनी मला लहानपणी मोडी वाचायला शिकवलं होतं. जुने फेरफार, खरेदीखतं मोडीत असत. वकील संध्याकाळी कागद घेऊन वर येत, उंबऱ्याबाहेर उभे राहत, “बाई, हे अक्षर की मुंग्या?” असं विचारत आणि मी वाचून दाखवत असे. मग एक दिवस ते म्हणाले, “बाई, तुम्हाला माझ्याबरोबर यावं लागेल. मी ओट्यावर बसून विचारलं तर बाई नवऱ्याकडे बघते आणि हो म्हणते. ते उत्तर नवऱ्याचं. तुम्ही आत जा. चुलीपाशी बसा. तिथे ती स्वतःचं बोलेल.”

मी गेले. सुटीच्या दिवशी दिवा, कळवा, भिवंडीकडची गावं, शहाड, टिटवाळा. शेजारच्या कुलकर्णीबाईंनी एकदा जिन्यात गाठलंच. “काय हो बाई, वकिलांबरोबर कुठे कुठे जाता?”

“स्वयंपाकघरात,” मी म्हणाले.

त्या खाली जाईपर्यंत मला त्याचा अर्थ लागला नाही. त्यांना आधीच लागला होता.

पद्धत ठरलेली होती. मी आत जायची, बाईशी बोलायची, ती जे म्हणेल ते चिठ्ठीवर तिच्याच शब्दांत टिपायची. बाहेर वकील ओट्यावर घरातल्या पुरुषांबरोबर बसलेले असत. मी चिठ्ठी आणून दिली की ते ती खणखणीत वाचत, बाई दारात येऊन ‘बरोबर’ म्हणे, आणि खाली ती ओळ पडे. बायका बहुतेक एकच सांगत. जमीन नको, माहेर पाहिजे. भावाचं भलं होऊ दे. एवढं झालं की वकील सही करायला मोकळे. आपला हिस्सा आहे हे तिला कळलं, तिने तो नको म्हटला, टायटल क्लिअर. त्यांना एवढंच हवं असे. ते त्यांच्या अहवालातही जसंच्या तसं जाई. ‘कलम सात: सदर बाईंनी भाकरी उलटत सांगितले की, भावानं आजवर दिवाळी चुकवली नाही, मी कशाला त्याचं वावर चुकवू.’ फोर्टातल्या एका सॉलिसिटरचा त्यावर फोन आला होता. भाकरीला कायद्याचा आधार काय, म्हणून. खारकरांनी विचारलं, “आपण त्या बहिणीला विचारलंत का?” फोन ठेवला गेला.

हसायची गोष्ट आहे. मीही हसत असे.

मग गोमीबाईंची पाळी आली. त्यांचं माहेर कळव्याच्या खाडीकडचं, सासर टिटवाळ्याच्या पुढे. वडील वारले तेव्हा भावाचं, हसुरामचं नाव मधे चढलं, गोमीबाईंचं उजवीकडे गेलं. खाडीकाठची भातजमीन एका बिल्डरने ठरवली होती. त्याचं नाव मी लिहीत नाही. त्याच्यासारखे पुष्कळ होते. रस्ता दाखवायला हसुराम स्वतः आमच्याबरोबर आला. चांगला माणूस. वाटेत मला म्हणाला, “बाई, आमची गोमी लय साधी हाय. ती काय बोलनार नाय.” बहिणीसाठी त्याने सुकी करंदी आणली होती, बारीक कोलंबीची मोठी पिशवी भरून. “हिच्या हातची करंदी खाल्ली ना, मंग दुसरी कुनाची गोर लागत नाय,” असंही म्हणाला. भाऊ आल्याचं बघून गोमीबाई दारातच हसल्या. त्यांच्या नवऱ्याने खाट झटकली. वकील ओट्यावर टेकले.

आत मी नेहमीचं बोलले. ताई, ही जमीन विकली जातेय. त्यात तुमचा हिस्सा आहे. तुम्ही सोडलात तर सोडलात, नाही सोडलात तर तो तुमचा आहे. तुमचं काय म्हणणं?

गोमीबाई तांदळाचं पीठ मळत होत्या. मळतच राहिल्या. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मग पिठात बघतच म्हणाल्या, “मना पायजे.”

“काय म्हणालात?”

“माजा हिस्सा. किती हाय, नाय म्हाईत. पन पायजे. त्या जमिनीत लगीन होईपावत मी भाताची आवनी लावलीय. मना आजवर कोनी इचारलाच नव्हता.”

मी टिपून घेतलं. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. कितीतरी स्वयंपाकघरांत बसले होते, पहिल्यांदा कुणीतरी ‘पाहिजे’ म्हणालं होतं. त्याच आनंदात मी बाहेर आले आणि चिठ्ठी वकिलांच्या हातात दिली. त्यांनी ती आधी नजरेखालून न घालता, नेहमीसारखी, चष्मा लावून वाचायला सुरुवात केली.

“मी, गोमीबाई, विचारल्यावरून सांगते की, सदर जमिनीतला माझा हिस्सा...”

इथे पुढचा शब्द त्यांना दिसला. पण अर्धं वाक्य सोडणं त्या माणसाला माहीत नव्हतं.

“...मला पाहिजे. वरील जबाब वाचून दाखवला.” ते थांबले. दाराकडे बघितलं. “बरोबर आहे?”

गोमीबाई दारात उभ्या होत्या. कोपरापर्यंत हात पिठाचे. त्यांनी भावाकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं.

“बरोबर हाय,” त्या म्हणाल्या.

हसुराम उठला. “तुना काय कमी केला मी? दर दिवालीला लुगरा आनला का नाय? बोल ना!” गोमीबाई हाताचं पीठ सोडवत राहिल्या. “बापाच्या मागं कोन होता तुना? आं? आजपासून तुना माहेर नाय.” ओट्यावर ठेवलेली करंदीची पिशवी त्याने उचलली आणि बांधावरून चालू लागला. थोडं पुढे जाऊन तो थांबला, पिशवीकडे बघितलं. मला वाटलं, परत येईल. आला नाही.

टिटवाळा स्टेशनच्या बाकावर आम्ही गाडीची वाट बघत बसलो. दोन गाड्या गेल्या तरी वकील उठले नाहीत. मग म्हणाले, “बाई, आपण त्यांना आत जाऊन का विचारत होतो?”

“कुणी ऐकू नये म्हणून.”

“मग मी ते बाहेर का वाचत होतो?”

इतकी वर्षं ही गोष्ट आम्हा दोघांच्या लक्षात आली नव्हती. दोघेही शिकलेले. सगळ्या बायका नको म्हणत होत्या आणि ‘नको’ कितीही मोठ्याने वाचलं तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मंगळवारी बिल्डरचा माणूस आला. “साहेब, तुमचं सगळं क्लिअर आहे. फक्त तेवढं एक पान काढून टाका. बाई काय, आज हो म्हणेल, उद्या नाही म्हणेल.” वकिलांनी पान काढलं नाही. पुढचं मी सुरुवातीला सांगितलंच आहे. पुढच्या महिन्यात नोंदणी कार्यालयात एक हक्कसोडपत्र नोंदवलं गेलं. त्यावर गोमीबाईंचा अंगठा आहे. त्या म्हणतात, मी लावला नाही. समोरचे म्हणतात, तिने राजीखुशीने लावला. दीड वर्षात चार मजले उभे राहिले. बँकेने कर्जं दिली. लोकांनी सत्यनारायण घातले.

खारकर वकिलांची वकिली त्यानंतर उतरत गेली. आधी सोसायट्यांचे नियम आणि वारस-नामनिर्देशनाचे अर्ज. मग कल्याणच्या कोर्टाबाहेर ताडपत्रीखाली टेबल, रेशनकार्डाची आणि नाव बदलल्याची प्रतिज्ञापत्रं. ज्यांच्यासाठी ते पूर्वी टायटल लिहीत ते बिल्डर गाडीतून जाताना हात करत. हेही करत. बाररूममध्ये ‘नणंद’ म्हणणंही थांबलं. चिडवायला माणूस थोडा तरी मोठा असावा लागतो.

ते अजूनही लोकांना विचारत, पण वाचून दाखवत नसत. चिठ्ठी घडी करून समोरच्याच्या हातात देत. ज्यांना वाचता येत नसे ते ती उलटीसुलटी करून परत देत.

गोमीबाईंसाठी त्यांनी वाटपाचा दावा लिहून काढला, स्वतःहून. मी विचारलं, “त्यांना विचारलंत का?” मी ते थट्टेत म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी ते टिटवाळ्याला जाऊन विचारून आले आणि मगच त्यांनी दावा लावला.

त्र्याण्णव साली गोमीबाईंच्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका आम्हा दोघांना आली. मांडव दारातच होता. मुहूर्त जवळ आला तसा भटजींनी पुकारा सुरू केला, “मुलीचे मामा कुठेत? मामांनी मुलीला घेऊन यावं.” हसुरामला निरोप तीनदा गेला होता. तो आला नव्हता. भटजींनी दुसऱ्यांदा बोलावलं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एकीने दुसऱ्या कुणाचं तरी नाव सुचवलं, दुसरीने तोंड फिरवलं. तिसऱ्यांदा बोलावलं तेव्हा माझ्या शेजारची खुर्ची वाजली. काळा कोट उठला होता.

भटजींनी त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं. “तुम्ही मामा?”

“मामा नाही,” वकील म्हणाले. “पण मामा माझ्यामुळे आले नाहीत.”

गोमीबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. नाही म्हणाल्या नाहीत. वकील आत गेले आणि नवरीच्या कोपराला धरून तिला घेऊन आले. त्या दहा पावलांत ते तिच्या कानात काहीतरी बोलले. मुंडावळ्यांतून ती पोरगी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “आवो, इचारला मना! दोनदा इचारला. चला ना आता, मुहूर्त चाललाय!”

मांडव हसला. वकीलही हसले. अंतरपाट धरला तेव्हा ते तिच्या मागे उभे होते, हात कुठे ठेवायचे हे न कळलेल्या माणसासारखे. अक्षता पडत असताना ते रडत होते. चष्मा पुसायला काढला आणि मग तो कुठे ठेवला हेच त्यांना आठवेना. चतुःसीमा त्यांनी त्या दिवशी सांगितली नाही. गोमीबाईंनी मामाच्या मानाची टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली. ठेवताना त्यांच्याकडे बघितलं नाही. ते माहेर वकिलांच्या टोपीने भरून येणारं नव्हतं. ते दोघांनाही ठाऊक होतं.

पुढच्या वर्षी कायदा बदलला. मुलींना मुलांबरोबरीने वडिलोपार्जित जमिनीत हक्क आला. वकिलांनी वर येऊन उंबऱ्याबाहेरून मला पेपर वाचून दाखवला, मधेच थांबले आणि पुढची ओळ मनातल्या मनात वाचली. कायदा होण्याआधी ज्यांची लग्नं झाली होती त्यांना तो लागू नव्हता. “बघा,” ते म्हणाले, “एवढ्या मोठ्या सभागृहात कुणी विचारलं नाही, की आधी लग्न झालेल्यांचं काय.” गोमीबाईंचा दावा जुन्याच कायद्यावर, वडिलांच्या वाट्यापुरता चालू राहिला.

त्या दाव्यात मी साक्षीदार आहे. स्वयंपाकघरात त्या काय म्हणाल्या ते मीच ऐकलं होतं, आणि वकिलाला आपल्याच दाव्यात साक्ष देता येत नाही. रविवारी दुपारी वकील माझी तयारी करून घेत. समोरच्या पक्षाचा वकील होऊन, कोटाची बटणं लावून, खेकसत.

“बाई, तुम्ही शाळामास्तरीण. तुम्हाला जमिनीतलं काय कळतं?”

“काही नाही.”

“मग तिथे कशाला गेलात?”

“विचारायला.”

“कोणी सांगितलं होतं विचारायला?”

इथे मी नेहमी अडखळत असे, आणि ते खेकसणं विसरून हळूच म्हणत, “माझं नाव घ्या, बाई. घाबरू नका. खरं तेच सांगायचं.”

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात, साक्षीच्या तारखेला, न्यायाधीश रजेवर होते. पुढची तारीख घेऊन आम्ही कोर्टाच्या पायऱ्या उतरत होतो. वकील एका पायरीवर बसले आणि पुन्हा उठले नाहीत. त्यांचे दोन्ही भाऊ आधीच गेले होते. स्मशानात सोसायटीचे सात लोक होते. गोमीबाई टिटवाळ्याहून आल्या, बाहेरच्या रस्त्यावर उभ्या राहिल्या आणि तिथूनच परत गेल्या.

दावा आता एका तरुण वकिलाकडे आहे. हुशार आहे. मला म्हणाला, “बाई, तडजोड करून टाकू. इमारत पाडून कोणी हिस्सा देणार आहे का?” मी म्हटलं, गोमीबाईंना विचारा. त्याने फोन केला, गावातल्या दुकानात. मी बाजूलाच बसले होते, त्यांचा आवाज मला ऐकू आला. “तवा बोलली ना मी पायजे? येवरा सगला गेला त्याच्यापायी. आता नको कसा बोलू?”

हसुराम अजून बोलत नाही. इमारतीत बावीस कुटुंबं राहतात. त्यांचा काही दोष नाही. पुढची तारीख फेब्रुवारीत आहे. माझी साक्ष अजून व्हायची आहे.